तेरावाला की सतरावाला

या जगात जे जे काही आहे त्याचे फक्त तीनच वर्ग पडतात, आणि कुठली वस्तू कुठल्या वर्गात जाते हे बिनचूक सांगणारा माणूस अख्ख्या सोलापुरात एकच आहे, तो म्हणजे माझे थोरले साडू. हे मत अर्थातच त्यांचं स्वतःचं आहे. पण ते त्यांनी इतक्या वेळा आणि इतक्या ठामपणे मांडलंय की आता आम्हा नातेवाइकांनाही ते खरं वाटायला लागलंय. हे तीन वर्ग म्हणजे फर्स्ट, सेकंड आणि चिंधी. चहा फर्स्ट असतो, सेकंड असतो किंवा चिंधी असतो. ऊन, पाऊस, शेजारी, नगरसेवक, दात, देवळातला प्रसाद, सगळ्यांची हीच गत. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. मी स्वतः बरीच वर्षं सेकंडात होतो. मुलाच्या मुंजीत जेवणाची पंगत वेळेवर उठवली म्हणून मला एकदा फर्स्टात घेतलं होतं, पण पुढच्याच दिवाळीत चिवड्यात शेंगदाणे कमी पडले आणि मी परत खाली आलो.

दाजींनी सगळी नोकरी टॉवेलच्या कारखान्यात चेकर म्हणून केली. मागावरून उतरलेला टॉवेल उजेडापुढं धरायचा, दोन्ही अंगांनी बोटं फिरवायची, किनार ओढून बघायची आणि गठ्ठ्यात टाकायचा: हा परदेशी जाणार, हा मंगळवार बाजारात, हा फरशी पुसायला. सुताची तुटलेली तार त्यांना लांबून दिसायची. मागाच्या तेलाचा डाग तर म्हणे घडी उलगडायच्या आधी नुसत्या वासावरून कळायचा. खिशात सूत मोजायचं एक घडीचं पितळी भिंग असायचं, ते निवृत्तीनंतरही खिशातच राहिलं. बोटांची सवयही तशीच राहिली. दाजी तुमच्याशी बोलता बोलता तुमच्या शर्टाची बाही चिमटीत धरून चोळतात, आणि तुम्ही काय बोलताय याच्यापेक्षा बाही काय म्हणते याच्याकडं त्यांचं जास्त लक्ष असतं. एकदा एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईच्या पदराकडं त्यांची चिमटी निघालेली मी स्वतः अडवली आहे. नाहीतर त्या दिवशी आम्ही दोघंही होटगीच्या अलीकडंच उतरलो असतो.

माझ्या पुतणीच्या लग्नात तर त्यांनी कळस केला. आमच्याकडं पाहुण्यांना टॉवेल-टोपीचा आहेर करायची रीत आहे, आणि तो टॉवेल खांद्यावर टाकून हात जोडायचे, एवढंच पाहुण्याचं काम असतं. टॉवेलकडं कुणी बघत नाही. दाजींनी तो भर मांडवात दोन्ही हातांनी दिव्यापुढं धरला, एक डोळा मिटला, किनार ओढली आणि माझ्या भावाला, म्हणजे वधूपित्याला, सगळ्यांदेखत म्हणाले, "सेकंड हाय. मधल्या दोन तारा गेल्यात बगा." भावाचा चेहरा पडला. तेव्हा त्याचं सांत्वन करायचं म्हणून त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाले, "टोपी मात्र फर्स्ट हाय, रडू नका." त्या लग्नातल्या नवऱ्या मुलाचं नाव आज निम्म्या पाहुण्यांना आठवत नाही, पण तो टॉवेल सगळ्यांना आठवतो.

स्वतःच्या जावयालाही त्यांनी याच पद्धतीनं पास केलं होतं. बघायला आलेल्या त्या मुलाच्या कोटाची बाही चोळून ते आत आले आणि अक्कांना म्हणाले, "सूत चांगलं हाय. पण ह्यो माल हितं ऱ्हायचा न्हाय, लांब जाणार." अक्का म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. त्यांची एकुलती एक लेक लग्न होऊन खरोखरच लांब गेली, थेट अमेरिकेत, इलिनॉयमधल्या एका गावात. दाजींचा अंदाज बरोबर आला याचा त्यांना आनंद झालेला मी तरी पाहिला नाही.

निवृत्तीनंतर मात्र त्यांचं बिनसलं. डॉक्टरांनी रक्तात साखर निघाली असं सांगितलं, गोळ्या दिल्या, रोज चालायला सांगितलं. दाजींनी रिपोर्टचा कागद उजेडापुढं धरला आणि स्वतःलाच निकाल दिला, "आता आमी सेकंडात." पुढं काही दिवसांनी गुडघा धरला तेव्हा म्हणाले, "चिंधी." आणि एकदा निकाल दिला म्हणजे दिला. गोळ्यांचं पाकीट कपाटात पडून राहायला लागलं, चालायचे बूट दारात वाळत पडले, आणि दाजी खुर्चीत बसून जिलबी खायला लागले. अक्का रागवायच्या, रडायच्या, अबोला धरायच्या. दाजींचं उत्तर ठरलेलं, "चिंधीला कोण इस्त्री करत बसतंय?" त्या काळात त्यांच्याकडं जायचं म्हटलं की मला नको वाटे. ते माझी बाहीसुद्धा चोळत नसत.

तेवढ्यात लेकीचं दुसरं बाळंतपण आलं. अक्कांनी त्यांना जवळजवळ उचलूनच विमानात बसवलं. बरोबर कडक भाकरीचे दोन डबे आणि शेंगा चटणीचा एक मोठा स्टीलचा डबा. सोलापूरचा माणूस या दोन गोष्टींवाचून वेशीबाहेर पडत नाही, आणि तिकडं गेल्यावर पहिल्या रात्री तेच खातो. अमेरिका दाजींनी आठवडाभरात तपासून संपवली. रस्ते फर्स्ट. दूध सेकंड. शेजारी हसून हात करतात पण घरात बोलावत नाहीत, म्हणून चिंधी. एका प्रचंड दुकानात लेकीनं त्यांना फिरायला नेलं तर ते टॉवेलांच्या मांडणीपाशी थांबले ते थांबलेच. एकेक टॉवेल उलटा करून बघताना त्यांना एकावर सोलापूरचं नाव सापडलं. आपल्या गावचा माल सातासमुद्रापलीकडं बघून दुसऱ्या कुणाचे डोळे भरून आले असते. दाजींनी भिंग काढलं, बराच वेळ बघितलं आणि तो टॉवेल खालच्या गठ्ठ्यात दडपून ठेवला. "ह्यो मी सोडला नसता," एवढंच म्हणाले.

मग मे महिन्याच्या शेवटाला एका सकाळी लेकीच्या अंगणात जमिनीला भोकं पडलेली दिसली, आणि दोन दिवसांत झाडं, कुंपणं, गाड्यांच्या काचा, दाराच्या कड्या, सगळं काळ्या किड्यांनी भरून गेलं. बोटाच्या पेराएवढे, लाल डोळ्यांचे, नारिंगी शिरांच्या पंखांचे. आपल्याकडं झाडावर काहीही ओरडलं की आपण रातकिडा म्हणून मोकळे होतो; हे सिकाडा, त्यातही फक्त अमेरिकेतच मिळणारे. वर्षानुवर्षं जमिनीखाली मुळांचा रस पीत बसायचं, आणि ठरलेल्या वर्षी सगळ्यांनी एकदम वर यायचं, कात टाकायची, झाडावर बसून ओरडायचं, लग्नं लावायची, अंडी घालायची आणि महिनाभरात मरून जायचं, असा त्यांचा संसार. अक्का कान झाकून म्हणाल्या, "ह्या लोकांचं कुटं बोअर चालू ऱ्हायलंय का काय की!" दाजी मात्र खुर्चीतून उठून दारात गेले. कितीतरी महिन्यांत ते आपणहून उठलेले अक्कांनी पहिल्यांदा बघितले. ओरडण्याचा तो सूर एका पट्टीत चालायचा आणि शेवटी खाली घसरायचा. "मिलचा भोंगा हाय हा," दाजी म्हणाले. "शिफ्ट सुटली."

लेकीनं सांगितलं की हे किडे सतरा वर्षांनी एकदाच येतात. दुसरा माणूस असता तर अरे वा म्हणून आत गेला असता. दाजींनी फोनवर शोधाशोध केली आणि त्यांच्या हाती लागलं की यांच्यात सतरा वर्षांनी येणारे असतात तसे तेरा वर्षांनी येणारेही असतात, दिसायला जवळजवळ सारखे. लेकीच्या गावात सगळे सतरावाले, आणि मोटारीनं खाली दक्षिणेला गेलं की तेरावाल्यांचा मुलूख लागतो. आता दोन प्रकारचा माल एकमेकांशेजारी पडलाय, आणि कुणी तपासून वेगळा करत नाही, हे दाजींना सहन होणं शक्यच नव्हतं. त्यांनी भिंग काढलं आणि ते अंगणात उतरले.

बरोबर त्यांची सहा वर्षांची नात. तिला मराठी बेताचंच येई आणि दाजींना इंग्रजी बेताचंच, त्यामुळं आल्यापासून दोघं एकमेकांकडं बघून नुसती हसत होती. आता दोघांना भाषा सापडली. ती किडा पंखाला धरून आणून द्यायची, दाजी तो उताणा करून भिंगाखाली धरायचे. डोळ्यामागं नारिंगी ठिपका आहे का? पोटावर पट्टे आहेत का? पोट निव्वळ काळं आणि किडा बारका असेल तर ती जातच निराळी. नारिंगी पोटावर काळे पट्टे असतील तर, त्या गावात तरी, तो सतरावाला धरायचा. आणि पोट सबंध नारिंगी निघालं, तर मात्र तो तेरावालाच, वाद नको. पंख दुमडलेला तो सेकंड, पंखच नसलेला तो चिंधी. चार दिवसांत त्या पोरीनं शेजारच्या गोऱ्या पोरांना चिंधी हा शब्द शिकवला. सकाळी उठल्या उठल्या ती दाजींच्या उशाशी जाऊन विचारायची, "आजोबा, हा फर्स्ट?" आणि दाजी चष्मा लावायच्या आधी भिंग लावायचे.

निघायच्या आदल्या दिवशी झाडं गप्प झाली होती आणि अंगणात मेलेल्या किड्यांचा सडा पडला होता. नात म्हणाली, "आजोबा, नेक्स्ट टाइम हे आले की तुम्ही येणार ना? प्रॉमिस?" दाजींनी तोंडातून शब्द काढला, "व्हय, येणार की." मग लेक सहज म्हणून गेली, "सतरा वर्षांनी गं बाळा." दाजी तेव्हा अडुसष्टचे होते. अक्का सांगतात, त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी चांगल्यातले पाच-सहा किडे निवडले आणि डबा मागितला. अक्कांनी चटणीचा रिकामा झालेला डबा घाईघाईनं विसळून दिला. तो डबा बॅगेत कपड्यांच्या घडीत बसून सोलापूरला आला.

इथं आल्यावर महिनाभर डबा तसाच होता. मग एका दुपारी मला फोन आला. "पावणं, ताबडतोब या." मी धावत गेलो, म्हटलं साखर वाढली. दारातच दाजींनी माझ्या तोंडात पेढा कोंबला. "तेरावाला निघाला!" खिडकीपाशी टेबलावर पांढरा टॉवेल, फर्स्टमधला, आणि त्यावर सगळे किडे उताणे. दाजींनी भिंग माझ्या डोळ्याला लावलं. पोटं सबंध नारिंगी, वरपासून खालपर्यंत. "तिकडं गडबडीत नीट दिसलं न्हाय. ह्यो दक्षिणेचा माल चुकून वर आलाय. अडुसष्ट अन् तेरा किती?" मी म्हटलं, एक्क्याऐंशी. "एक्क्याऐंशीत माणूस चालतोय का न्हाय?" मी म्हटलं, न चालायला काय झालं? "बास तर मग," दाजी म्हणाले आणि अक्कांना हाक मारून गोळीचं पाकीट मागितलं.

त्या दिवसापासून दाजी पार बदलले. जिलबी बंद. गोळ्या घड्याळाच्या काट्यावर. पहाटे कंबर तलावावर चालायला, तेही असं की वाटेत कुणी हटकलं तर थांबत नाहीत, "तेरा वर्षं हायती, बोलू की" म्हणून पुढं जातात. गुडघ्याला परत सेकंडात बढती मिळाली. पासपोर्टच्या कचेरीत जाऊन, दहाच वर्षांचा पासपोर्ट का देता, आम्हाला तेरा पाहिजेत, म्हणून त्यांनी भांडण काढलं. दर रविवारी लेकीशी व्हिडिओवर बोलताना आधी वाद ठरलेला. ती म्हणायची, "बाबा, इथले सगळे जाणकार सतराच म्हणतात." दाजी किडा उजेडापुढं धरून कॅमेऱ्याला पोट दाखवायचे. "जाणकारांनी माल बघितलाय व्हय? मी बघितलाय!" मागून नात ओरडायची, "थर्टीन! आजोबा विन!" आणि दाजी तिला पंखाला धरून किडा हलवून दाखवायचे.

परवाच्या श्रावणात आम्ही त्यांच्याकडं जेवायला गेलो. जेवणाआधी किडे बघणं आता त्या घरात हात धुण्यासारखंच झालंय. दाजी आत भिंग आणायला गेले होते, मी सहज एक किडा उचलला, आणि माझं बोट नारिंगी झालं. मी बोट नाकाशी नेलं. लसूण, तिखट आणि भाजलेले शेंगदाणे. त्या महिनाभरात विसळून न गेलेलं डब्यातलं तेल पोटापोटांत मुरलं होतं. मी तसाच बोट वर धरून उभा, आणि समोर स्वयंपाकघराच्या दारात अक्का. त्यांनी नुसती मान हलवली. मी पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेलो, तशा त्या भाकरी थापता थापता हलक्या आवाजात म्हणाल्या, "माज्या चटणीचं तेल हाय ते. मला पयल्याच दिवशी कळलं. तुमी गप बसा. गोळी घेत्यात, चालाय जात्यात, नातीसंगं हसत्यात. तेरा तर तेरा. तुमचं काय जातंय?" माझं काहीच जात नव्हतं. मी बोट धुतलं आणि बाहेर जाऊन भिंगातून बघून म्हणालो, "तेरावालाच, दाजी." आयुष्यात इतकं धडधडीत खोटं मी इतक्या आनंदानं बोललो नव्हतो.

संध्याकाळी दाजी मला तलावावर घेऊन गेले. दोन फेऱ्या झाल्यावर मला दम लागला, त्यांना नाही. चहावाल्याच्या खांद्यावरचा पंचा चोळून त्यांनी त्याला सेकंड ठरवलं, चहाला फर्स्ट दिला, आणि आम्ही कट्ट्यावर बसलो. पाण्याकडं बघत ते म्हणाले, "पावणं, दुपारी हात धुतला तुमी."

मी म्हटलं, "जेवायच्या आधी धुतात की."

"एकच बोट धुतलं." मी चहाचा कप तोंडाला लावला. "सारी उमर मी तेलाचे डाग बघितले. मागाचं तेल घडीतनं ओळखायचो, अन् घरच्या चटणीचं कळणार न्हाय व्हय मला? डबा उघडला तवाच कळलं. एक किडा पुसून बी बघितला. पट्टे हायती काळे. सतरावालाच हाय त्यो."

"मग पेढे?"

"ही दारात हुबी होती. माज्या तोंडाकडं बघत. मला म्हणायचं होतं सतरा, अन् तोंडातनं तेरा आलं. हिचा चेहरा असा खुलला की परत सतरा म्हणवंना. अन् ती पोरगी तिकडं विन, विन करतीय. आता हिला बोलू नका. तिला वाटतंय तेरा हाय, खुशीत हाय बिचारी."

मला हसू आवरेना. चहा नाकात गेला. ज्यानं भर मांडवात प्रत्यक्ष वधूपित्याचा टॉवेल नापास केला, त्या माणसानं आयुष्यात एकदाच डाग पडलेला माल जाणूनबुजून पास केला होता, आणि तोही बायको-नातीच्या तोंडाकडं बघून. मी विचारलं, "पण दाजी, तेरा वर्षांनी तिकडं गेलात आणि अंगणात एकही किडा नसला, तर पोरीला काय सांगणार?"

दाजींनी माझी बाही चिमटीत धरली आणि हळूहळू चोळायला लागले. "त्याचं बी मी बघून ठिवलंय. ह्या सतरावाल्यांत काही उतावळे असत्यात. चार वर्षं आधीच, तेराव्या सालाला वर येत्यात. जाणकार लोकच सांगत्यात, मी न्हाय. सगळे न्हाय येत, थोडेच. पण दोन-चार तरी येतील का न्हाय? मला काय झाडं भरून पायजेत व्हय? पोरीनं एक आणून हातात दिला तरी माजं काम झालं."

मी म्हटलं, येतील की, नक्की येतील. दाजींनी बाही सोडली, उठले, आणि तिसऱ्या फेरीला लागले. मी त्यांच्यामागं पळतच निघालो, कारण अंधार पडायच्या आत त्यांना घरी पोचून गोळी घ्यायची होती.